घराचे घड्याळ आणि मुलाची भूक

मूल काय खाते याची चौकशी आपल्याकडे पुष्कळ होते. ते केव्हा खाते, कुठे बसून खाते आणि कोणाबरोबर खाते, याची फारशी होत नाही. आमच्या मते पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दुसऱ्या प्रश्नांत आहे. २०२० सालच्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे सारा देश घरात बसला, तेव्हा ही गोष्ट घरोघर उघडी पडली. साथ ओसरली, टाळेबंदी उठली. पण त्या दिवसांत मुलांना जडलेल्या खाण्याच्या सवयी कित्येक घरांतून अजून गेलेल्या नाहीत. म्हणून हा विषय शिळा झाला असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही आहारशास्त्राचे पंडित नव्हे. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करताना पाळी, पगार आणि रजा यांचे हिशेब करण्यात आमचे वय गेले. परंतु कामाच्या तासांचा हिशेब धरणाऱ्याला घरच्या चुलीचा हिशेब टाळता येत नाही. कारण चूल पाळीवर चालते.

हे थोडे उलगडून सांगू. यंत्रमागाच्या गावांत बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात, हे श्रोत्यांस ठाऊक आहे. बापाला सकाळी सातला कामावर पोहोचायचे, म्हणून भाकरी सहाच्या आत तव्यावर पडते. डबा भरायचा, म्हणून भाजी त्याच्याही आधी चिरून होते. शाळा भरण्यापूर्वी मुले चार घास खाऊन निघतात, दुपारी शाळेत खिचडी मिळते, आणि रात्री बाप परत आला की ताटे मांडली जातात. याला आपण घराचे वळण म्हणतो आणि त्याचे श्रेय किंवा दोष त्या घरच्या बाईला देऊन मोकळे होतो. खरे पाहता हे वळण कारखान्याच्या आणि शाळेच्या घड्याळांनी लावलेले असते. बाई ते सांभाळते, एवढेच.

आता शरीराकडे पाहू. पोट रिकामे झाले की भूक लागते, ही समजूत अपुरी आहे. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कांगावा या शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य शोधून काढले. ते रक्तात वाढले की भूक जागी होते. पुढील संशोधनात असे दिसले, की माणसाच्या नेहमीच्या जेवणाची वेळ जवळ आली की हे द्रव्य चढू लागते आणि जेवण झाले की उतरते. याचा अर्थ शरीर वेळ शिकते. वेळ टळली की भूक मरते, असे आपल्या घरांतून म्हणतात, त्यात बरेच तथ्य आहे. मुलाचे शरीर तर शिकण्याच्याच वयात असते. त्याला रोज एका वेळी ताट मिळाले तर त्या वेळी कडकडून भूक लागते, आणि कडकडून भूक लागलेले मूल भाजीला फारसे नाक मुरडत नाही.

२५ मार्च २०२० पासून ही घड्याळे एकदम थांबली. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. आता माग बंद, रस्ता बंद, पगार बंद. धान्य वाटण्याच्या निमित्ताने आम्ही तेव्हा पुष्कळ घरांत गेलो. मुले नऊला उठत. दहाला चहा आणि टोस्ट. अकराला पाच रुपयांचा पुडा. दुपारी दोन-अडीचला ताटावर बसवले तर दोन घास खाऊन उठत. तासाभराने पुन्हा काहीतरी मागत. पुढे शाळा मोबाइलमध्ये आली, तेव्हा मोबाइल ताटाशेजारी आला. दिवसभर तोंड चालू आणि जेवणाच्या वेळी भूक नाही, अशी तक्रार आम्ही इतक्या आयांकडून ऐकली, की ती एकेका मुलाची खोड मानणे शक्य नव्हते.

परदेशांतही हेच घडत होते. इटलीतील व्हेरोना येथे मुळातच स्थूल असलेल्या ४१ मुलांची टाळेबंदी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी पाहणी करण्यात आली. त्यांचे खाणे सरासरी दिवसाला एका वेळेने वाढले होते. पडद्यासमोरचा वेळ जवळजवळ पाच तासांनी वाढला होता. बटाट्याचे वेफर्स आणि गोड पेये वाढली. भाजी होती तेवढीच राहिली. फ्रान्समध्ये ४९८ पालकांना विचारले, तेव्हा मधल्या वेळचे खाणे वाढल्याचे आणि मुलांना शांत करण्यासाठी खाऊ पुढे केल्याचे आढळले. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: पालक मुलांना बरोबर घेऊन अधिक स्वयंपाक करू लागले होते. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

कोणी म्हणेल, की अतिखाण्याची ही गोष्ट भरल्या घरची. गरिबाच्या मुलाला तिचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरातील सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी होती. परंतु पुड्याने भूक मारणे आणि पोषण न मिळणे या दोन वेगळ्या घरांतल्या गोष्टी नव्हेत. आम्ही त्या एकाच चाळीत, क्वचित एकाच मुलात पाहिल्या. पाच रुपयांना पुडा येतो, पाच रुपयांना डाळ येत नाही. आणि रडणारे मूल पुड्याने लगेच गप्प होते.

येथे शाळेतील जेवणाचा विचार केलाच पाहिजे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे त्याचे माप ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. शाळा बंद झाल्यावर या जेवणाचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच आपण होऊन राज्यांना विचारला. महाराष्ट्रात तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हाती देण्यात आले. शिवाय एप्रिलपासून केंद्र सरकारने शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो मोफत धान्य दिले. ही मदत मोलाची होती. तिने पुष्कळ घरे तगली. पण धान्य म्हणजे जेवण नव्हे. शाळेचा तांदूळ घरी आला की तो एका मुलाचा राहत नाही, साऱ्या घराच्या पातेल्यात जातो. आणि जावा हे योग्यच आहे, कारण आई उपाशी असताना मुलाचे १०० ग्रॅम कोण वेगळे काढील? दुसरे असे, की शाळेत ते जेवण ठरल्या वेळी, पंगतीत, बरोबरीच्या मुलांसोबत होत असे. लीन बर्च या अमेरिकन बाईंनी १९८० साली असा प्रयोग केला, की एखादी भाजी न आवडणाऱ्या लहान मुलाला ती आवडणाऱ्या सोबत्यांत रोज बसवायचे. थोड्याच दिवसांत ते मूल आपण होऊन ती भाजी निवडू लागले. घरी मटकीला हात न लावणारा मुलगा शाळेत उसळ चाटून पुसून खातो, याचे आईला वाटणारे आश्चर्य येथे संपते. घरी पातेले आले, पंगत आली नाही.

सर्वच घरांचे वळण मोडले असे मात्र नाही. ज्या घरांनी बाहेरचे घड्याळ गेल्यावर आपले घड्याळ लावले, तेथे मुलांचे खाणे पुष्कळ अंशी शाबूत राहिले. अशा एका घरी माग बंद असलेला बाप भाकरी थापायला शिकला होता. पहिल्या आठवड्यातल्या भाकरींचे वर्णन न केलेले बरे! आठ वर्षांच्या मुलाकडे मेथी निवडण्याचे आणि ताट-पाणी घेण्याचे काम होते. बाराच्या ठोक्याला सगळे खाली बसत, मोबाइल फळीवर. आईही त्यांच्याबरोबरच जेवे, हे आम्हांस विशेष वाटले, कारण एरवी ती आणि थोरली मुलगी मागाहून उरलेसुरले खात. मेथीचे नाव काढू न देणारा तो मुलगा स्वतः निवडलेली मेथी मुकाट खाऊ लागला होता. फ्रान्समधल्या पालकांना जे सापडले तेच येथेही सापडले, आणि कोणी शिकवल्यावाचून.

याउलट दोन उपाय घरोघर चालतात आणि दोन्ही फसतात. एक म्हणजे जबरदस्ती: "ताट संपल्याशिवाय उठायचे नाही." ताटातले संपव म्हणून मागे लागलेल्या मुलांनी कमीच खाल्ले, असे २००६ मधील एका प्रयोगात दिसले आहे. दुसरा म्हणजे बंदी. पुडा डोळ्यांदेखत फळीवर ठेवायचा आणि हात लावू द्यायचा नाही, याने त्याची ओढ वाढते; हेही बर्चबाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९९ साली दाखवले. पुडा नको असेल तर तो घरात आणू नये. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा नियम आम्हांस फार पटतो: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलावर सोडावे.

पटतो, पण त्यात एक अडचण आहे. 'केव्हा' हे आईबापांच्या हाती असेल तरच ते ठरवतील. टाळेबंदीतच, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांचा दिवस चालवण्याची आणि जादा कामाचा दुप्पट दर न देण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. वृत्तपत्रांत ही बातमी उद्योगाच्या पानावर आली. आमच्या मते ती मुलांच्या जेवणाचीही बातमी होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा आठवड्यातून एक जेवण तरी बापाला मुलांसोबत घेता येऊ लागले. हा हिशेब कोणी मांडत नाही.

म्हणून 'आयांनी मुलांना वळण लावावे' अशी व्याख्याने देणाऱ्यांनी आधी त्या बाईची पाळी केव्हा सुटते ते विचारावे. तोवर काय करायचे, असे विचारणाऱ्या कामगारांना आम्ही एवढेच सांगतो, की दिवसाचे एकच जेवण धरा. ते रात्रीचेच असले पाहिजे असे नाही. रातपाळी करून बाप सकाळी सातला येतो, मूल नुकतेच उठलेले असते, आणि घरातील सर्व माणसे जागी असण्याची तीच अर्ध्या तासाची वेळ असते. तेव्हा ताटे मांडावीत. मूल भाकरी चहात बुडवून खाईल, खाऊ द्यावे.