सॅल्मन-स्टीलहेडसाठी बेटकास्टिंग रीळ कसं निवडायचं? बॉक्सवरचे आकडे पाहून तर नक्कीच नाही!

शीर्षकात ‘रीळ’ वाचून इन्स्टाग्राम आठवलं असेल तर थांबा. आज आपण खऱ्या रिळाबद्दल बोलणार आहोत. मासेमारीच्या काठीवर बसणारं, गिअर, ब्रेक आणि क्लच असलेलं छोटंसं मशीन.

मी मूळचा चिपळूणचा. लहानपणी वाशिष्ठीच्या काठावर बसून गरी टाकायचो (गळाला आमच्याकडे गरी म्हणतात). बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ, संपला सेटअप! नोकरीसाठी सिएटलजवळ आलो आणि इथल्या नद्यांमधले मासे पाहिले, तेव्हा कळलं की बांबूचं इथे काही चालणार नाही. चिनूक सॅल्मन सहज दहा-पंधरा पाउंडांचा असतो (एक पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम). अलास्काच्या केनाय नदीत १९८५ मध्ये गळाला लागलेला विक्रमी चिनूक तर ९७ पाउंडांचा होता. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढलेला आणि अंडी घालायला नदीत परतलेला रेनबो ट्राउट. आकाराने लहान, पण पळायला वेडा!

म्हणून मी रीळ घ्यायचं ठरवलं. आणि फोन घेताना आपण जी चूक करतो, तीच केली.

माझं काय चुकलं?

फोन घेताना आपण मेगापिक्सेल बघतो ना, तसं मी बेअरिंगची संख्या बघितली. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘मॅक्स ड्रॅग’चा आकडा बघितला. किंमत कमी, आकडे मोठे. लगेच ऑर्डर!

जानेवारीतल्या एका सकाळी स्कायकोमिश नदीवर स्टीलहेड लागला. दहा मिनिटं खेळवून काठाजवळ आणला. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या माशांचा तो पिल्लू असतानाच कापलेला असतो, म्हणजे ओळख पटते. या माशाचा तो पर शाबूत होता. म्हणजे मासा जंगली, घरी न्यायचा प्रश्नच नाही. हुक काढून पाण्यातच सोडून द्यायचा.

तेवढ्यात तो उलटा फिरला आणि प्रवाहाबरोबर खाली सुटला. साठ-सत्तर मीटर गेला, थांबला आणि पुन्हा निघाला. त्या दुसऱ्या हिसक्याला रीळ क्षणभर अडकलं. फट् असा आवाज आला आणि दोरी सैल पडली. मासा गेला याचं दुःख नव्हतं, तो जाणारच होता. पण माझा हुक आणि तुटलेला तंगूस तोंडात घेऊन गेला, ते आजही सलतं. प्युजेट साउंडला मिळणाऱ्या नद्यांमधले जंगली स्टीलहेड २००७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहेत. पॅसिफिक सॅल्मन अंडी घातल्यावर मरतात, पण स्टीलहेड जगून पुन्हा समुद्रात जाऊ शकतो. म्हणून सोडलेला प्रत्येक मासा धडधाकट जायला हवा.

घरी आलो आणि प्रोग्रॅममधला बग शोधतात तसा रिळातला दोष शोधायला बसलो. त्यातून जे कळलं, ते पुढे देतोय.

बेटकास्टिंग रीळ म्हणजे नक्की काय?

स्पिनिंग रिळात स्पूल, म्हणजे दोरीची फिरकी, फेकताना स्थिर असते आणि दोरी तिच्या टोकावरून वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टिंग रिळात स्पूल स्वतः फिरतं. पतंगाची आसारी आठवा. ढील दिली की आसारी गरागरा फिरते, अगदी तसंच.

फायदा असा की दोरी सरळ सुटते, अंगठ्याने तिच्यावर ताबा ठेवता येतो आणि जाड दोरी व जड वजन आरामात झेपतं. नदीत फ्लोटखाली आमिष वाहवत न्यायला किंवा बोटीतून ट्रोलिंग करायला म्हणूनच ही रिळं लोकप्रिय आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा भाग : ड्रॅग

ड्रॅग म्हणजे स्पूलवर लावलेला घर्षणाचा ब्रेक. हँडलमागे चांदणीच्या आकाराचं चाक असतं, ते फिरवून हा ब्रेक घट्ट किंवा सैल करतात. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की स्पूल घसरतं आणि दोरी देतं. दोरी तुटायच्या आत ती सुटली पाहिजे, एवढंच ड्रॅगचं काम.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि हलती ठेवायला कमी. म्हणजेच स्थिर घर्षण आणि गतिज घर्षण. वाईट ड्रॅगमध्ये या दोघांत मोठा फरक असतो, त्यामुळे तो आधी अडकतो आणि मग एकदम सुटतो. चांगल्या रिळात कार्बन फायबरचे वॉशर असतात. त्यांच्यात हा फरक कमी असतो आणि उष्णतेतही ते बऱ्यापैकी सारखे वागतात.

भारतात जाताना बॅगा मोजायचा डिजिटल काटा घरात होताच. त्याला दोरी बांधून ओढून पाहिलं. माझ्या रिळाचा ड्रॅग चालू असताना अडीच पाउंड दाखवायचा, पण सुरुवातीचा झटका साडेचार पाउंडांचा!

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. दोरी बाहेर गेली की स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो. वॉशरचं घर्षण मात्र तेवढंच राहतं. त्रिज्या घटली की तेच स्पूल फिरवायला जास्त ताण लागतो. त्रिज्या पाव भागाने घटली, तर साडेचारचे सहा पाउंड होतात. माझा लीडर, म्हणजे हुकाजवळचा बारीक तंगूस, आठ पाउंडांचा होता. गाठ पडली की तंगुसाची ताकद आणखी कमी होते, त्यात माशाने मारलेला हिसका. सापडला बग!

म्हणून ‘मॅक्स ड्रॅग २५ पाउंड’ वाचून भुलू नका. स्टीलहेडसाठी तुम्ही दोन-तीन पाउंडच लावणार आहात. नियम सोपा आहे : सगळ्यात कमकुवत दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच ड्रॅग ठेवायचा. रीळ त्या कमी आकड्याला किती मऊ सुटतं, ते बघायचं.

गिअर रेशो : जास्त म्हणजे चांगलं असं नाही

५.३:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की स्पूल ५.३ वेळा फिरतं. पण दोरी किती आत येते, हे स्पूलच्या व्यासावरही ठरतं. भरलेलं स्पूल ३.८ सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर एका फेरीत साधारण ६३ सेंटिमीटर दोरी येते. तेच ६.३:१ असेल तर ७५ सेंटिमीटर.

सायकलच्या गिअरसारखं समजा. मोठा रेशो वेग देतो, लहान रेशो जोर देतो. फ्लोट वाहत असताना सैल पडलेली दोरी पटकन गोळा करायला किंवा मासा तुमच्याच दिशेने पळत आला तर वेग हवा. जड वजन लावून ट्रोलिंग करताना जोर हवा. एकच रीळ घेणार असाल, तर सहाच्या आसपासचा रेशो बहुतेक ठिकाणी चालून जातो.

गुंता का होतो?

नवशिक्यांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे फेकल्यावर होणारा दोरीचा गुंता. हवेत आमिषाचा वेग कमी होतो, स्पूल मात्र जोरातच फिरत राहतं, आणि जास्तीची दोरी तिथेच फुगते. हे टाळायला तीन प्रकारचे ब्रेक असतात. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये वेग वाढला की छोटे ठोकळे बाहेर सरकून घासतात. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये लोहचुंबकामुळे फिरत्या धातूच्या स्पूलमध्ये विद्युतप्रवाह तयार होतो आणि तोच त्याला अडवतो (लेन्झचा नियम!). शिमानोच्या डीसी रिळांत तर चक्क मायक्रोकॉम्प्युटर असतो. तो स्पूलच्या फिरण्यातूनच वीज घेतो, बॅटरी लागत नाही.

टेक्नॉलॉजी भारी आहे, मान्य. पण स्टीलहेडच्या फ्लोट-वजनाच्या सेटअपला साधा ब्रेकही पुरतो. पैसे कमी असतील तर ते ड्रॅगवर खर्च करा.

कोणत्या प्रकारचं घ्यावं?

गोल रिळं दिसायला जुनी, पण दणकट. ॲबू गार्सियाचं ॲम्बॅसडर ६५०० हे इथल्या नद्यांवरचं जुनं ओळखीचं नाव. ही कंपनी १९२१ मध्ये स्वीडनमध्ये खिशातली घड्याळं बनवायला सुरू झाली होती! आतली रचना साधी, त्यामुळे घरी उघडून साफ करता येतं. लो-प्रोफाइल रिळं चपटी असतात आणि दिवसभर हातात धरायला बरी पडतात. सॅल्मनसाठी त्यांतली ३०० किंवा ४०० साइज बघा, उदाहरणार्थ शिमानो ट्रँक्स किंवा डायवा लेक्सा. छोटी २०० साइज बासला ठीक, पण मोठा चिनूक पळाला तर दोरी कमी पडू शकते.

कोलंबिया नदीच्या मुखाशी ट्रोलिंग करणार असाल, तर लाइन काउंटर असलेलं रीळ घ्या. मात्र तो काउंटर बहुधा स्पूलच्या फेऱ्याच मोजतो, म्हणून स्पूल पूर्ण भरलेलं नसेल तर आकडा चुकतो.

घेण्याआधी हे तपासा

१. दोरी बांधून हळूच ओढा. सुरुवातीला झटका बसतो का?

२. हँडल उलटं फिरवून बघा, ते जराही मागे जाता कामा नये. आतल्या एकदिशा बेअरिंगच्या जोडीला दातेरी खटका असेल तर उत्तम. थंडीत घट्ट झालेल्या ग्रीसमुळे बेअरिंग घसरलं, तर तो वाचवतो.

३. दोरी डावी-उजवीकडे पसरवणारा लेव्हल वाइंड अडखळत नाही ना?

४. डावखुरं की उजवं, आधीच ठरवा. स्पिनिंग रिळासारखं हँडल नंतर बाजू बदलून लावता येत नाही.

५. सुटे भाग आणि आतली आकृती कंपनीच्या साइटवर मिळते का? हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दुरुस्त होत नाही ते रीळ विश्वासाचं नाही.

वापरून झाल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोरदार फवारा नको. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत.

वॉशिंग्टन राज्यात असाल तर मत्स्य खात्याचं ‘फिश वॉशिंग्टन’ ॲप फोनमध्ये ठेवा. कोणती नदी कधी उघडी, काय ठेवायचं, काय सोडायचं, सगळं त्यात बघता येतं. लायसन्स आणि कॅच रेकॉर्ड कार्ड विसरू नका. आणि नदीत सोडायचा मासा फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर पूर्ण उचलायचा नाही, तो नियम आहे. सेल्फी राहू द्या!

मी आता जुनं, सेकंड हँड गोल रीळ वापरतो. नवे कार्बन वॉशर मीच बसवले. काट्यावर सुरुवातीचा आणि चालतानाचा आकडा जवळपास सारखा येतो. मागच्या हिवाळ्यात त्याच नदीवर पुन्हा एक जंगली स्टीलहेड लागला. तीनदा पळाला, तिन्ही वेळा रिळाने गुपचूप दोरी दिली. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी हुक काढला. क्षणभर तो हाताशेजारी स्थिर राहिला, मग शेपटी हलवून निघून गेला.