टायर झिजतो उन्हात, परीक्षा पावसात

दसऱ्याला आपल्याकडे दुचाकीची पूजा होते. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकवाचे बोट आणि चाकाखाली लिंबू. ते लिंबू चिरडून गाडी पुढे गेली की वर्षभराची काळजी मिटली, असे मानण्याची रीत आहे. पूजेत टायर लिंबाला टेकतो, एवढाच त्याचा मान. वास्तविक त्या गाडीत रस्त्याला शिवणारा भाग तेवढा एकच असतो.

किती शिवतो, याचा हिशेब सोपा आहे. नेहमीची शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल आणि एक स्वार मिळून १८० किलो वजन धरू. त्यातले सुमारे ११० किलो मागच्या चाकावर येते, ७० पुढच्या. मागच्या टायरात २८ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोचा दाब. ११० किलो पेलायला सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर जागा लागते. पुढे २५ पीएसआय धरल्यास ४०. दोन्ही मिळून ९५. टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे असते. आपला जीव, मागे बसणाऱ्याचा जीव, वळण आणि ब्रेक हे सगळे एका पोस्टकार्डाहून लहान जागेवर अवलंबून असते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या मृत्यूंचे खापर टायरवर फोडता येणार नाही. पण दुचाकीला चुकीची मुभा किती कमी असते, हे त्यातून दिसते.

या हिशेबात वजन पेलते ती हवा. रबर आणि आतले धाग्यांचे थर त्या हवेला धरून ठेवतात. हा शोध दोनदा लागला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण त्याला गिऱ्हाईक नव्हते. सायकलचे युग यायचे होते. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती नव्याने काढली आणि ती जगभर गेली. त्याआधी १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून तापवलेले रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे सापडले होते. मूळचे रबर फिकट रंगाचे. आजच्या टायरचा काळा रंग काजळीचा आहे. ती झीज आणि ऊन दोन्हींना आवर घालते.

आपल्या बोलीतही या इतिहासाच्या खुणा आहेत. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला काढले. ‘सिएट’ हे नाव इटलीतल्या तुरिनच्या एका कंपनीच्या आद्याक्षरांचे. १९५८ मध्ये ते मुंबईत आले.

बजाज चेतकच्या काळात ही स्टेपनी घराच्या काटकसरीचे साधन होती. स्कूटरची पुढची, मागची आणि जादाची अशी तिन्ही चाके एकाच मापाची, दहा इंची. मागचा टायर घासू लागला की पुढे, पुढचा स्टेपनीला, स्टेपनी मागे, अशी फेरपालट करून तिघांचे आयुष्य सारखे वाटून घेता येई. मोटरसायकलचे दोन टायर माप आणि नक्षी दोन्हींत वेगळे असतात. तिथे फेरपालट चालत नाही. मागचा टायर इंजिनाचा जोर आणि बहुतेक वजन सोसतो, म्हणून तो लवकर घासतो. तो बदलला जातो. पुढचा वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण त्याची नक्षी शाबूत दिसते. पण जोरात ब्रेक लावताना वजन पुढे झुकते आणि गाडी मुख्यतः पुढच्या टायरवर थांबते. हा टायर बहुधा घासून नव्हे, वाळून मरतो.

त्याचे वय कडेवरच लिहिलेले असते. लंबगोलात चार आकडे दिसतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. शेजारी ‘१००/९०-१७ ५५पी’ अशी अक्षरे असतील, तर रुंदी १०० मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची, ‘५५’ म्हणजे २१८ किलोपर्यंत भार आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे दुधाचे कॅन अडकवून जाणाऱ्या गवळ्याला हा भाराचा आकडा कामाचा आहे. तेवढ्या दुधाचेच ऐंशी किलोंहून अधिक वजन होते आणि ते जवळजवळ सगळे मागच्या चाकावर बसते.

टायर झिजतो कसा? चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला तर एका किलोमीटरला सव्वापाचशे फेरे होतात. दर फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि कडांकडून घासतो. हवा जास्त असेल तर मधला पट्टा आधी जातो. महामार्गावर नुसते सरळ चालवूनही मधला भाग सपाट होतो. मग घाटाच्या वळणावर गाडी कलंडताना त्या सपाट पट्ट्याची धार जाणवते आणि गाडी एकदम झुकल्यासारखी वाटते. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून चालवणे, क्लच झटक्यात सोडणे, रिमचा आऊट न काढणे, या सवयी उरलेले आयुष्य खातात.

उपाय स्वस्त आहे. ट्यूबमधून महिन्याकाठी एक-दोन पीएसआय हवा आपोआप जाते, म्हणून पंधरा दिवसांनी हवा तपासावी आणि तीही टायर गार असताना. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो. दुपारी पन्नास किलोमीटर चालवून पंक्चरवाल्याकडे थांबलो, तर काटा भरपूर हवा दाखवतो आणि ती काढून टाकायचा मोह होतो. तो टाळावा. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा पुस्तिकेत दिलेला जादाचा आकडा पाळावा. धुलाई केंद्रात डिझेलचा फवारा टायरवर येऊ देऊ नये. खनिज तेलाने रबर फुगते आणि कमकुवत होते.

आता मुख्य मुद्दा, आपल्या हवामानाचा. टायरच्या खाचा कशासाठी असतात? कोरड्या डांबरावर त्यांची गरज फार थोडी. शर्यतीच्या मोटरसायकली कोरड्यात बिनखाचेच्या टायरवरच धावतात. खाच असते पाणी बाजूला सारायला. म्हणून घासलेला टायर उन्हाळ्यात कुरकुर करत नाही. उलट गाडी छान पळते. तक्रार असते ती पावसाची, आणि ती पहिल्याच दिवशी कळते. पहिल्या सरीत रस्त्यावर साठलेली धूळ आणि तेल यांचा पातळ चिखल होतो, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे साबणासारखी होतात, आणि पाण्याला निघायला वाट नसेल तर टायर त्याच्यावर तरंगू लागतो.

महाराष्ट्रात फिरण्याचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. हवा थंड, घाट मोकळे, कोकणचे रस्ते कोरडे. बोनसही दिवाळीत येतो, म्हणून नवे टायरही तेव्हाच बसतात. रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याचे दिवाळी ते मृग या सात महिन्यांत दहा हजार किलोमीटर होतात. म्हणजे आपण टायर घेतो परीक्षेच्या सात महिने आधी, त्याची नक्षी कोरड्यात खर्च करतो आणि उरलेल्यावर पावसाळा काढतो. गोव्यात मोटरसायकलवर भाडे मारणाऱ्या ‘पायलटां’ना हा हिशेब टाळता येत नाही, त्यांचा धंदा जूनमध्येही रस्त्यावरच असतो.

शेतकरी पाभर मृगाआधी दुरुस्त करतो, पेरणी झाल्यावर नाही. दुचाकीलाही हाच नियम लावावा. २५ मेच्या आसपास रोहिणी लागते. तेव्हा पंधरा मिनिटे काढावी. खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे उंचवटे असतात. कडेवरचे ‘टीडब्ल्यूआय’ किंवा छोटा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो. नक्षी त्या उंचवट्यांच्या पातळीला आली असेल तर टायर संपला. आली नसेल पण जवळ असेल, तर आपल्या पावसाळ्यासाठी तोही संपलाच समजावा. कडेला बारीक भेगा पाहाव्या, पुढच्या टायरचे चार आकडे वाचावे. नवा बसवला तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सबुरीने चालवावे; त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला रस्ता धरायला तेवढा वेळ लागतो. मेच्या अखेरीस बसवलेल्या टायरला त्यासाठी कोरडे रस्ते मिळतात, हा आणखी एक फायदा.

यात जादा खर्च काहीच नाही. वर्षाला जो टायर घ्यायचा तोच घ्यायचा आहे, फक्त तारीख बदलायची आहे. हंगामाच्या अखेरीस मागचा टायर थोडा घासलेला असेल, तर कोरड्या रस्त्यावर तो चालून जाईल. ओल्या रस्त्यावर मात्र त्या पोस्टकार्डाएवढ्या जागेत खाचा खोल असलेल्या बऱ्या.