आईचे हात आणि दाराची मूठ

गेल्या हिवाळ्यात आई सोलापूरहून आमच्याकडे ग्लासगोला आली. आठवडाही झाला नव्हता, तोच एका सकाळी ती बाथरूममध्ये अडकली. कडी लावलेली नव्हती. गुडघ्यांना तेल चोळून झाले आणि दाराची गोल मूठच तिला फिरवता येईना. मी बाहेरून दार उघडले तेव्हा एवढेच म्हणाली, "हात गेले रे माझे आता."

संधिवात आहे, हे खरे. पण ह्याच हातांनी ती जेवणानंतर आडकित्त्याने सुपारी कातरते! मग मूठ का फिरू नये? आपल्यापैकी अनेकांकडे दर वर्षी आईवडील येतात, म्हणून हा हिशेब सर्वांपुढे मांडतो.

शाळेत आपण तरफ शिकलो: टेकू, भार आणि बल. वस्तू फिरवणारा परिणाम, म्हणजे पुस्तकातले 'आघूर्ण', हा लावलेला जोर गुणिले टेकूपासूनचे अंतर. आडकित्त्यात सुपारी खिळीपासून २ सेंटिमीटरवर आणि हात १४ वर असेल, तर सुपारीवर सातपट जोर पडतो. जात्याचा खुंटा कडेला असतो तोही ह्याचसाठी. तो मध्याजवळ ठोकला असता, तर दळताना कोणाला ओव्या सुचल्या नसत्या.

आमच्या मुठीची त्रिज्या जेमतेम २.५ सेंटिमीटर. आतली स्प्रिंग मागे सारायला तिथे २ किलोचा जोर लागत असेल, तर १० सेंटिमीटरच्या आडव्या दांडीच्या टोकाला अर्धा किलो पुरतो. फुकट काही मिळत नाही; हाताला चौपट अंतर कापावे लागते, पण तेही वीतभर नसते.

खरी मेख मात्र पुढेच आहे. गोल मूठ फिरवायची तर आधी ती आवळावी लागते, कारण बोटे आणि मूठ ह्यांच्यातल्या घर्षणावरच ती फिरते. तेलाने घर्षण निम्म्यावर आले, की आवळण्याचा जोर दुप्पट हवा, आणि सुजलेल्या सांध्यांना नेमके आवळणेच जमत नाही. दांडी आवळायची गरजच नसते. नुसते कोपर टेकवले तरी ती खाली जाते.

त्याच शनिवारी दांडीची मूठ आणून बसवली. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घरात असूनही संध्याकाळपर्यंत ती दांडी मान टाकून खाली लोंबू लागली! गोल मुठीचे वजन मध्याभोवती सारखे वाटलेले असते, त्यामुळे ते तिला फिरवीत नाही. दांडीचे वजन मात्र एकाच बाजूला असते आणि तिला सतत खाली ओढते. गोल मुठीसाठीची जुनी, हलकी स्प्रिंग ते पेलू शकत नव्हती. म्हणून स्वतःची स्प्रिंग असलेली मूठच मागून घ्या, माझी फेरी वाचली नाही, तुमची तरी वाचेल.

एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूने तोलावाच लागतो, हे मोठ्या मापात पाहायचे असेल तर क्लाइडकाठी फिनिस्टनच्या क्रेनखाली उभे राहा. १९३२ साली पूर्ण झालेली ही क्रेन १७५ टन उचलू शकत असे. स्प्रिंगबर्नमध्ये बनलेली वाफेची इंजिने ती जहाजांवर चढवी. तिथली इंजिने हिंदुस्थानच्या रुळांवरही धावली आहेत. क्रेन आता काम करीत नाही, पण तिची रचना डोळ्यांना दिसते: एकीकडे भार उचलणारा लांब हात, दुसरीकडे तोल सांभाळणारा आखूड, वजनदार हात. आईला नेऊन दाखवली. वर बघत म्हणाली, "तागडीच की रे ही, एक दांडी आखूड असलेली."

नवी मूठ बसून आता तीन महिने झाले. आई दोन्ही हातांत धुणे घेऊन कोपराने दार उघडते. काल मात्र तिने बाथरूमच्या गोल नळांकडे बोट दाखवले.