धुण्याच्या वडीत असते तरी काय?

जामसंड्याला आमच्या वाडीत एक काकी आहेत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलींना शिकविले. यंदा आंब्याचा हंगाम संपता संपता त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा गरम चहाचा पेला त्यांना हातात धरवेना. पाहिले तर बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या आणि तळहाताची कातडी सालपटासारखी सुटलेली. विचारले तर म्हणाल्या, "वडीन आग सुटता गो बाय. पण धुणी सोडून खातलंय काय?"

त्या वडीचे वेष्टन आम्ही मागून घेतले, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. आपल्या घरात भाकरीइतकीच रोज लागणारी ही वस्तू. तिच्यात काय घातलेले असते, हे किती भगिनींना ठाऊक आहे?

पहिली गोष्ट म्हणजे ही वडी साबण नव्हे. साबण होतो तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांपासून. डिटर्जंटची वडी होते ती खनिज तेलापासून. रॉकेलच्या जातीच्या तेलातून वेगळे काढलेले घटक बेंझिनशी जोडून एक द्रव तयार करतात. त्याला कारखान्यातले लोक 'लॅब' म्हणतात. आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सने त्याचा कारखाना काढला. या लॅबवर गंधकाच्या आम्लाची प्रक्रिया केली की काळपट तपकिरी, दाट 'ॲसिड स्लरी' मिळते. तिच्यात धुण्याचा सोडा मिसळून आम्लपणा मारला की मळ काढणारे खरे द्रव्य तयार होते. त्याच्या कणाचे एक टोक तेलकटपणाला चिकटते, दुसरे पाण्याला. कपडा चोळला की मळ सुटून पाण्याबरोबर निघून जातो.

पण नुसत्या या द्रव्याची वडी बांधली जात नाही. म्हणून त्यात चिनी माती, कॅल्साइट, डोलोमाइट अशी दगडाची भुकटी घालतात. घट्टपणासाठी सोडियम सिलिकेट, पाणी मऊ करण्यासाठी फॉस्फेट, शिवाय रंग, वास आणि चकाकी आणणारे द्रव्य. हे शेवटचे द्रव्य मळ काढीत नाही. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून ते निळसर उजेड बाहेर टाकते, म्हणून कपडा पांढराशुभ्र भासतो. आपल्या आया नीळ घालीत, तिचाही हेतू पिवळेपणा झाकण्याचाच होता.

घरी एक प्रयोग करून पाहा. वडीचा थोडा कीस काचेच्या पेल्यात गरम पाण्यात विरघळवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी जो गाळ बसलेला दिसेल, ती बहुतेक दगडाची भुकटी. काकींच्या वडीचा गाळ पाहून आम्हीच चाट पडलो! भरताड असणे म्हणजे फसवणूक नव्हे, त्याशिवाय वडी उभी राहत नाही. मात्र स्वस्त वडीत भरताड जास्त, मळ काढणारे द्रव्य कमी आणि ती उणीव भरून काढायला सोडा जास्त, असे पुष्कळदा असते. मग बाई अधिक घासते. सोडा कातडीचे तेल ओढून घेतो आणि दगडाची भुकटी वरून खरवडते. काकींच्या हातांचे गुपित ते हेच.

आपल्या घरात ही वस्तू आली त्याला फार वर्षे झाली नाहीत. हिंदुस्थान लिव्हरने सर्फची पूड 1959 साली आणली, ती मध्यमवर्गीयांसाठी. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी निरमा पूड बनवून सायकलवरून दारोदार विकली. त्याच वर्षी रिनची वडी आली. पुढे स्वस्त वड्यांची चढाओढ लागली आणि मजुराच्या घरातला पिवळा बार मागे पडला.

खरे सांगायचे तर आपल्याकडे तो बार पुष्कळ ठिकाणी अजूनही चालला असता. देशावर बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चोथा होतो. तिथे डिटर्जंट हवेच. जांभ्यातून झिरपलेले आपल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ. अपवाद खाडीकाठच्या विहिरींचा. उन्हाळ्यात तिथले पाणी मचूळ होते, मग साबण हार खातो आणि वडीच कामाला येते. मऊ पाण्यात निम्मी वडी पुरते. फेस भरपूर आला म्हणजे कपडा स्वच्छ झाला, हा समज जाहिरातींनी करून दिलेला आहे.

लाल मातीचा डाग ओला असताना घासू नये. वाळू द्यावा, झटकावा, मग वडी लावावी. ब्लीचिंगचे पाणी त्यावर घालू नये, लोहाचा डाग पक्का बसतो. लिंबाचा रस बरा. काजूच्या टरफलाचे तेल लागले तर कुठलीच वडी उपयोगी नाही, ते कापड कामालाच वापरावे. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना रिठा. या वडीने अंग, केस किंवा भाजी कधीही धुऊ नये. आणि धुणे विहिरीच्या कठड्याशी नको. जांभा सच्छिद्र असतो, तेच पाणी पुन्हा आपल्या कळशीत येते.

आणखी एक इशारा. बचतगटांना घरगुती वडी बनविण्याचे प्रशिक्षण देतात. अशाच एका ठिकाणी आम्ही गेलो होतो. बायका उघड्या हातांनी स्लरीत सोडा कालवीत होत्या! मिश्रण उसळले आणि एकीच्या मनगटावर शिंतोडा उडाला. डाग अजून आहे. स्लरी हे आम्लच आहे. रबरी हातमोजे, चष्मा, उघडी हवा आणि जवळ पाण्याची बादली नसेल, तर त्या कामाला नाही म्हणावे.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन त्यांना स्वच्छ राहण्यास आणि लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखविणारी पद्धत टाकण्यास सांगितले होते. बुद्धपौर्णिमेला आपल्या वाडीत पांढऱ्या साड्यांची रांग दिसते, तेव्हा आम्हाला ती सभा आठवते. पण त्या साड्या धुणाऱ्या हातांकडे आपण घरातली माणसे किती वेळा पाहतो? पुरुषांनी निदान पिळण्याचे आणि वाळत घालण्याचे काम उचलायला काय हरकत आहे?

आता काकी धुण्याआधी हाताला खोबरेल चोळतात, धुऊन झाल्यावर साध्या पाण्याने हात खळखळून धुतात आणि पुन्हा तेल लावतात. कपडे आधी अर्धा तास भिजत घालतात, त्यामुळे घासणे कमी झाले. वडी घेताना किमतीबरोबर वजनही वाचतात, कारण किंमत तीच ठेवून ग्रॅम घटविण्याची युक्ती दुकानात सर्रास दिसते. पूर्वी वडी ओल्या दगडावर पडून विरघळून जायची. काकींनी करवंटीला तीन भोके पाडली, वडीचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा तिच्यात ठेवला, दुसरा कोरडा फळीवर. चिरा भरत आल्या आहेत. परवा त्यांनी चहाचा पेला एका हाताने धरला.