मुंबईत उतरायचं कुठं?

हायकोर्टाची तारीख लागली की आमच्या सातारा-सांगलीकडचा पक्षकार केसबद्दल नंतर बोलायचा. आधी विचारायचा, 'साहेब, मुंबईत उतरायचं कुठं?' बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही.

आमच्याकडची प्रकरणे बहुतेक महार वतनाच्या जमिनींची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण दावे नातवंडांपर्यंत आले. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते. स्टेशनवरच तोंड धुवायचे, वडापाव खायचा आणि कोर्ट गाठायचे. बोर्डावर नंबर पार शेवटी. संध्याकाळ झाली, पुकारा नाहीच, उद्या या. मजुरी बुडालेली असतेच, वर फोर्टातल्या लॉजचे भाडे म्हणजे घरची शेळी विकायची.

पूर्वी याला उत्तर होते. वरळी, नायगावच्या बी.डी.डी. चाळीत गावचा कोणीतरी असायचाच. १६० चौरस फुटांची खोली, घरची सात माणसे, त्यात आम्ही तिघे. झोपायला बाहेरची गॅलरी. घरची माउली भाकरी थापताना माणसे मोजत नसे. आता तेथे ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. पण वाटसरूची गॅलरी गेली ती गेलीच.

मग लॉज. एकदा काउंटरवरच्या माणसाने आमच्या पक्षकाराचे ओळखपत्र घेतले, आडनाव दोनदा वाचले आणि 'खोली शिल्लक नाही' म्हणून सांगितले. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना मात्र खोली मिळाली! १९१७ साली बडोद्यात, परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले होते. आज संविधानाचे कलम १५(२) हॉटेलातला असा भेदभाव मना करते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना असे शब्दच घातले आहेत. परंतु 'खोली नाही' एवढ्या उत्तराविरुद्ध पुरावा आणायचा कुठून? वकील असूनही आम्ही ती रात्र स्टेशनवरच काढली.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांचे काम तेथे चालते. उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. सांगली-मिरजेचा माणूस आता संध्याकाळी घरी जेवायला येतो. पण जत किंवा माणच्या माणसाची शेवटची एस.टी. चुकली की मुक्काम आलाच. आणि टाटा हॉस्पिटल तर मुंबईतच आहे. तेथे जाणाऱ्या कितीतरी गरीब कर्करुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते.

याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आपण मात्र वर्गणी काढून कमानी उभारतो. कोल्हापुरातील एखाद्या विहार समितीने आपला हॉल पक्षकारांना रात्रीपुरता उघडून द्यावा. सतरंजी, पाणी, संडास, बायाबापड्यांसाठी आतून कडी लागणारी एक खोली, बास झाले. पन्नास रुपये घ्या, पावती फाडा, पण रजिस्टरमध्ये आडनावापुढे जातीचा रकाना नको.

खटावकडच्या आमच्या एका आजींच्या दाव्याची तारीख लागली आहे. परवा त्यांचा फोन आला. विचारले तेच, फक्त मुंबईच्या जागी कोल्हापूर म्हणाल्या.