आवाज कोठून येतो?

जुन्या वाड्यांत रात्रीं कोठें खुट्ट वाजलें, कीं घरांतील प्रत्येक माणूस तो आवाज आपापल्या समजुतीप्रमाणें निरनिराळ्या जागीं नेऊन बसवितो. आजीला तो देवघरांतला वाटतो, सुनेला स्वैंपाकघरांतला. आणि सकाळीं पाहावें तों माळ्यावरचें एक जुनें सूप वाऱ्यानें खालीं आलेलें असतें. तुळया, भिंती व जिने आवाज दूरवर वाहून नेतात, म्हणून तो ऐकूं येण्याची जागा व उत्पन्न होण्याची जागा यांचा मेळ बसत नाहीं. जिचें मागील चाक सांखळीऐवजीं पोलादी दांड्यानें, म्हणजे शाफ्टनें, फिरतें अशा जुन्या मोटारसायकलींत नेमकी हीच स्थिति असते. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्टची नळी आणि मागील चाकाजवळचीं दंतचक्रें हीं एकापुढें एक जोडलेलीं. एकांत कुरकुर झाली तर ती चारींतून ऐकूं येते.

आपल्याकडे हा विषय थोडा अपरिचित आहे. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटारसायकली सांखळीच्या, आणि आपला कान सांखळीलाच सरावलेला. सांखळी सैल झाली कीं खडखडते, कोरडी पडली कीं किरकिरते, आणि खालीं वाकून पाहिलें म्हणजे दोष डोळ्यांना दिसतो. शाफ्टचें सगळें झांकलेलें व तेलांत बुडालेलें. पुष्कळ वर्षें त्याकडे पाहावेंच लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. आणि म्हणूनच कोणी पाहत नाहीं, हा त्याच गुणाचा दोष.

कल्पना नवी नव्हे. बेल्जममधील एफ्. एन्. कारखान्याची चार सिलिंडरांची शाफ्टवाली मोटारसायकल १९०५ सालींच निघाली होती. परंतु या पद्धतीला कायमचें घर मिळालें तें जर्मनींत. १९२३ सालीं माक्स फ्रिट्झ या इंजिनिअरनें बी. एम्. डब्ल्यू. कारखान्यासाठीं 'आर ३२' ही गाडी आंखली. तिचे दोन सिलिंडर मल्लानें बाहु पसरावे तसे दोन्ही बाजूंस आडवे, आणि क्रँकचा दांडा मात्र गाडीच्या लांबीच्या दिशेनें. त्यामुळें इंजिनाची शक्ति सरळ रेषेंत मागें जाते, आणि काटकोनांत वळण घेते तें फक्त मागच्या चाकापाशीं. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनांच्या या घराण्यांतील गाड्या पुढें १९९० नंतरहि कांहीं वर्षें निघत होत्या, आणि त्यांपैकीं कित्येक आजहि धांवत आहेत.

अशीच एक 'आर ७५/६' माझ्या पुतण्यानें घेतली. तो नोकरीनिमित्त जर्मनींत राहतो. गाडी १९७५ सालची, म्हणजे त्याच्याहून वयानें बरीच वडील. पाऊण लिटरला किंचित् कमी असें इंजिन, पन्नास अश्वशक्ति, पांच गिअर. गेल्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां पहिल्याच दिवशीं तो म्हणाला, "काका, गाडी आंतून वाजते आहे. एका कारागिरानें गिअरबॉक्स उघडायला सांगितलें आहे. तेवढा खर्च करायचा, कीं गाडी आहे तशी विकून टाकायची, तें तुम्ही ऐकून सांगा." विकली असती तर अर्धीहि किंमत आली नसती, आणि उघडायची म्हणजे कोणत्या आशेवर, हेंहि ठाऊक नव्हतें.

आवाज कसा आहे, हा प्रश्न मीं बाजूस ठेवला. आवाजाचें वर्णन करूं लागलें कीं माणूस कवि होतो, आणि दहा माणसें दहा शब्द वापरतात. प्रथम विचारावयाचें तें हें, कीं आवाज चालतो कोणाच्या तालावर? इंजिनाच्या, चाकाच्या, कीं ओझ्याच्या?

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्यें, इंजिन मंद चालू. डब्यांत फुटाणे घोळवावे तशी खडखड पायापाशीं ऐकूं येत होती. अशा वेळीं क्लचची मूठ सोडलेली असतां इंजिन गिअरबॉक्समधील पहिला दांडा व त्याला गुंतलेलीं चक्रें रिकामींच फिरवीत असतें. मूठ दाबली कीं तीं थांबतात. म्हणून मूठ दाबतांच जो आवाज बंद पडतो तो गिअरबॉक्समधला, मूठ दाबल्यावरच जो सुरू होतो तो क्लच ढकलणाऱ्या बेअरिंगचा, आणि दोन्ही स्थितींत ज्यांत फरक पडत नाहीं तो बहुधा इंजिनाचा. मीं मूठ दाबली. खडखड तत्काळ थांबली. पुतण्याचें तोंड उतरलें, कारण कारागिराचें निदान खरें ठरल्यासारखें दिसलें.

परंतु आवाज गिअरबॉक्समध्यें होतो म्हणजे दोष तेथेंच आहे, असें होत नाहीं. टाळ्या वाजविणारा हात निराळा आणि वाजविण्याचें कारण निराळें. या गाडीच्या दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र कार्बुरेटर आहेत. त्यांतील एक दुसऱ्यापेक्षां थोडें अधिक मिश्रण देऊं लागला, कीं इंजिनाची मंद चाल एकसारखी न राहतां हिसके देत चालते. आणि ज्या चक्रांवर कसलेंच ओझें नाहीं त्यांचे दांत त्या हिसक्यांबरोबर पुढेंमागें आपटूं लागतात. मीं इंजिनाची गति थोडी वाढविली, आणि खडखड नाहींशी झाली. बेअरिंग झिजलें असतें तर वाढत्या गतीबरोबर त्याची घरघर वाढली असती. सायंकाळपर्यंत दोन्ही कार्बुरेटर समतोल करून झाले, तेव्हां चार आण्यांतली तीन आणे खडखड गेली होती. उरलेला आणा या जातीच्या गिअरबॉक्सचा उपजत आहे.

पुतण्याचा उत्साह इतका वाढला, कीं त्यानें गाडी मधल्या स्टँडवर चढविली आणि चाक अधांतरीं ठेवून गिअर टाकला. लगेच शाफ्टच्या नळींतून असा खणखणाट निघाला, कीं शेजारच्या बाई खिडकींतून डोकावल्या. येथें पुष्कळ लोक फसतात. शाफ्टच्या पुढील टोकाशीं एक सांधा असतो. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्दानो याच्या नांवावरून जर्मन लोक शाफ्टच्या साऱ्या योजनेलाच 'कार्डान' म्हणतात. सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक यानें हा सांधा अभ्यासला, म्हणून त्याला हूकचा सांधाहि म्हणतात. हा सांधा सरळ रेषेंत एकसारखा फिरतो, परंतु कोन करून फिरविला म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत दोनदां घाई करतो व दोनदां रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनांत हा फरक दीड टक्का; तीस अंशांत तेरा ते पंधरा टक्के. गाडी रस्त्यावर माणसाच्या वजनानें बसलेली असतां कोन थोडाच असतो. स्टँडवर चाक खालीं लोंबलें कीं तो वाढतो, आणि ओझें नसल्यामुळें सगळे सांधे मोकळे वाजतात. तेव्हां या परीक्षेंतील गोंगाटाला घाबरण्याचें कारण नाहीं. फिरत्या आऱ्यांपासून मात्र बोटें व कपड्यांचीं टोकें दूर ठेवावींत.

खरी परीक्षा रस्त्यावर. मी मागें बसलों. ताशीं पन्नास किलोमीटरच्या पुढें एक गुणगुण सुरू झाली, आणि येथें मला आमच्या घरच्या बाजाच्या पेटीचा उपयोग झाला. मागील चाकाचा परीघ सुमारें दोन मीटर. ताशीं साठ किलोमीटरला तें सेकंदाला आठांहून थोडे अधिक फेरे करतें. चाकाशीं जोडलेल्या मोठ्या दंतचक्राला बत्तीस दांत व शाफ्टच्या टोकाच्या पिनियनला दहा. म्हणजे शाफ्ट सेकंदाला सुमारें सत्तावीस वेळां फिरतो, आणि दांतावर दांत पडतो तो सेकंदाला दोनशें सदुसष्टच्या आसपास. हा जवळजवळ पेटीच्या पांढरी एकचा मध्यषड्ज. वेग ताशीं नव्वद झाला तर हाच स्वर पंचमावर जाईल, आणि एकशें वीसला तारषड्जावर. चाकाच्या बेअरिंगला असा स्वच्छ स्वर नसतो. त्याची जात्यासारखी घरघर असते. आणि जी वस्तु फेऱ्यागणिक एकदांच ठोकते, ती झपाट्यानें चालणाऱ्या माणसाच्या वेगानें गाडी नेली तर सेकंदाला सुमारें एक ठोका देते. तो कानानें मोजतां येतो.

आमची गुणगुण षड्जाहून बरीच खालची व भरड होती. त्याच वेगांत पुतण्यानें चौथ्याचा तिसरा गिअर केला; इंजिन ओरडलें, पण गुणगुण जागच्या जागीं राहिली. म्हणजे तिचा धनी इंजिन नव्हे, चाक. मग त्यानें मूठ पिळून जोर दिला व एकदम सोडला. तरीहि फरक नाहीं. दंतचक्रांची बैठक बिघडलेली असती, तर ओढतांना एक स्वर व गाडी इंजिनाला ढकलीत असतां दुसरा, असें झालें असतें. वेगदर्शकाची तार गिअरबॉक्सच्या मागील भागांतून फिरते, आणि ती कोरडी पडली तर अशी सोंगें पुष्कळ करते. ती सोडवून पाहिली, गुणगुण कायम. शेवटीं डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा लागला, आणि आवाजाची जातच बदलली. रस्ता बदलल्यानें बदलणारा आवाज टायरचा. उतरून पाहिलें, तों मागील टायर मधोमध पाटासारखा सपाट झालेला.

या सर्व खटपटींत एक तिसरा आवाज आम्ही ऐकत होतों आणि ऐकत नव्हतों. जोर देतांना व सोडतांना मागें कोठें तरी एक बारीक 'खट' होई. पुतण्या म्हणाला, "काका, शाफ्टच्या गाडीचा तो स्वभावच असतो." मीहि मान डोलावली. त्याच्या बोलण्यांत तथ्य होतें: सांखळी थोडी ताणते, लवते, शाफ्ट म्हणजे पोलादावर पोलाद. या गाडींत धक्का झेलणारी स्प्रिंग आहे ती गिअरबॉक्सच्या आंत. तिच्या मागच्या प्रत्येक सांध्यांतील सैलपणा कानावर येणारच. गिअरमध्यें ठेवून मीं चाक हातानें पुढेंमागें हालवून पाहिलें होतें, आणि जो सैलपणा लागला तो गिअर, सांधा व दंतचक्रें यांच्यांत सारखा वांटून मोकळा झालों होतों.

टायर बदलण्यासाठीं चाक काढलें. या गाडीचें हें काम सोपें; आंस ओढून काढला कीं चाक डावीकडे सरकून सुटें होतें, आणि दंतचक्रांची डबी जागेवर राहते. चाकाच्या तुंब्यांत आंतून खांचा असतात, त्या डबीवरच्या बाहेर आलेल्या दांत्यांत बसतात. इंजिनाची सारी शक्ति चाकाला पोंचते ती या मिलाफांतून. सगळें तेलांत बुडालेलें, आणि हाच एक सांधा तेलाबाहेर. चाक निघेल तेव्हां, आणि निदान वर्षांतून एकदां, त्याला हातानें ग्रीस लावावें लागतें. चाक बाहेर येतांच जमिनीवर विटकरी रंगाची बारीक पूड सांडली. पुतण्याला वाटलें, ब्रेकची धूळ. ती ब्रेकची नव्हती; कोरड्या पोलादावर पोलाद घांसून झालेला तो गंज होता. चाकांतल्या खांचांच्या चौकोनी कडा झिजून करवतीच्या दांतांसारख्या टोंकदार झाल्या होत्या, आणि टोंकें एका बाजूला कललीं होतीं.

मला घाम फुटला तो येथें. त्या आठवड्यांत आम्ही दोघे एका गाडीवर बसून, मालाचे ट्रक ज्यावरून ऐंशी-नव्वदच्या वेगानें जातात अशा रस्त्यानें दोनदां गेलों होतों. त्या खांचांनीं हात सोडला असता तर इंजिन नुसतेंच गर्जलें असतें, आणि गाडी भर रस्त्यांत, मागें ट्रक असतां, निर्जीव झाली असती. ज्या खडखडीनें पुतण्याची झोंप उडविली होती तिच्यांत कांहींच नव्हतें. आणि ज्या खटेला आम्ही स्वभाव म्हणून सोडून दिलें, तिच्यांत हें होतें.

मग राहिलेलें सर्व उघडून पाहण्याचा मीं हट्ट धरला. शाफ्टच्या नळीच्या पुढच्या तोंडाशीं रबरी पिशवी असते, ती सरकवून सांध्याचे चार बोल्ट तपासले; घट्ट होते. नळींत तेल असतें तें चहाच्या कपभरहि नव्हे, आणि चाकाजवळच्या डबींत सुमारें पाव लिटर. दोहोंच्या बुचांना लोहचुंबक बसविलेलीं असतात. त्यांवर काजळासारखा मऊ करडा लेप होता. बोटांत चोळला तरी टोंचला नाहीं. अभ्रकासारखे चकचकणारे कपचे निघाले असते, तर बेअरिंग किंवा दांत सुटत आहेत असें समजून गाडी तेथेंच थांबविली असती. ८०-९० प्रतीचें नवें गिअर-तेल घातलें, बुचें पुसून परत लावलीं.

चाक मात्र एका कारखान्यांत धाडावें लागलें. जुना खांचांचा भाग रिव्हेटांनीं बसविलेला असतो. तो कापून नवा बसविण्यास तीन आठवडे लागले, आणि तितके दिवस गाडी मागील चाकाविना, धुण्याच्या यंत्राशेजारीं तळघरांत उभी राहिली. डबीवरचे दांते अजून वापरण्याजोगे होते. चाक परत आलें तेव्हां मी पुण्यास पोंचलों होतों. पुतण्यानें फोन इंजिनाजवळ धरून मला गाडी ऐकविली. मंद चालींत ती उरलेली आणाभर खडखड स्पष्ट ऐकूं येत होती. त्यानें क्लच दाबला, ती थांबली. सोडला, ती पुनः सुरू झाली. "ही राहूं द्यायची ना, काका?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, राहूं दे. ग्रीस लावलेंस का तें सांग.