दुभाष्याच्या शोधात

माझी एक कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा संपादकांनी तिच्यातली दोन प्रकरणे गाळली होती. पाने फार होत होती, आणि त्या प्रकरणांत बँकेतल्या व्यवहारांचा तपशील इतका आहे की वाचकाला पासबुक वाचल्यासारखे वाटेल, असे त्यांचे म्हणणे. मी मुकाट्याने मान डोलावली. पुढे २०२३ साली प्रकाशकांच्या चिरंजीवांनी नवी आवृत्ती काढायचे मनावर घेतले आणि फोनवर म्हणाले, "ती गाळलेली प्रकरणे असतील तर द्या की. या वेळी घालू." ज्या वाक्याची मी बावीस वर्षे वाट पाहिली, ते असे चहापाण्याची चौकशी करावी तसे आले.

प्रकरणे होती. ती कुठे होती, एवढाच प्रश्न होता. हस्तलिखित एका बदलीच्या धांदलीत रद्दीत गेले. बँकेतल्या माणसाचे घर दर तीन-चार वर्षांनी ट्रकमध्ये चढते आणि दर वेळी काहीतरी खाली राहते. पण त्या काळी मी नवा संगणक घेतला होता, एक मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम विकत घेतला होता, आणि रात्री जेवणे उरकल्यावर एकेक पान त्यात उतरवले होते. त्याची सीडी सापडली. तिचा चंदेरी मुलामा पापुद्र्यासारखा सुटत होता. शेजारच्या मुलाने कुठून तरी सीडी-ड्राइव्ह आणून ती कशीबशी वाचली आणि सगळ्या फायली आणि तो जुना प्रोग्रॅम एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिला. दुसऱ्या खेपेला सीडीने तोंड उघडले नाही. म्हणजे त्या पेन ड्राइव्हवर होती तीच एकमेव प्रत.

घरात तेव्हा संगणक एकच. मुलीने स्वतःसाठी नवा घेतल्यावर मला दिलेला मॅकबुक एअर, २०१४ सालचा. त्यावर फायली उघडल्या आणि पाहतो तो काय, पानभर इंग्रजी अक्षरे, डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरे, मध्येच पौंडाचे चिन्ह. माझ्या नायकाचे बालपण त्यात कुठेतरी होते. मी असा निष्कर्ष काढला की जुना मराठी प्रोग्रॅम हवा, तो चालतो विंडोजवर, तेव्हा मॅकवर विंडोज घातले की काम झाले. माणूस एका चुकीच्या निष्कर्षावर किती मोठी इमारत बांधू शकतो, हे मला बँकेत असताना कर्जप्रकरणे पाहून कळायला हवे होते.

मॅकवर विंडोज घालता येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ॲपलने २००५ सालच्या जून महिन्यात जाहीर केले की आपल्या संगणकांत यापुढे इंटेलचे प्रोसेसर असतील. पहिली यंत्रे २००६ च्या जानेवारीत आली. मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये बूट कॅम्प नावाची सोय चाचणीसाठी खुली झाली, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती रीतसर यंत्रणेचा भाग बनली. डिस्कची वाटणी करायची, एका खोलीत मॅक, दुसरीत विंडोज. यंत्र चालू करताना ऑप्शनची कळ दाबून धरली की कोणत्या खोलीत जायचे ते विचारले जाते. एकत्र कुटुंबातल्या दोन भावांनी एकाच घरात वेगळ्या चुली मांडाव्यात, तसा प्रकार. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरची यंत्रे आणली आणि त्या यंत्रांवर हे दार बंद झाले. माझे यंत्र त्या मधल्या काळातले, म्हणून उघडे दार माझ्या वाट्याला आले.

बूट कॅम्पचा मदतनीस सुरुवातीलाच तीन चौकटी दाखवतो. विंडोज घालण्यासाठी पेन ड्राइव्ह तयार करायचा का, ॲपलचे विंडोजसाठीचे साहाय्यक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे का, आणि विंडोज घालायचे का. मधल्या चौकटीतली खूण मी काढून टाकली. मला ॲपलचे काहीच नको होते, विंडोज हवे होते. शिवाय मोबाइलच्या डेटावर कारभार चालला होता. ही चूक माझी. बँकेत चाळीस कलमांचे करारपत्र न वाचता सही करणाऱ्या खातेदारांना मी कितीदा हसलो असेन!

विंडोज १० निमूट आले. पडदा उजळला आणि मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. आवाज नाही. पडद्याचा उजेड कमी करायच्या कळा ढिम्म. स्पर्शपट्टीवर दोन बोटे ठेवून उजवे क्लिक करायची सवय, ते होईना. वायफायचा पत्ता नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर नावाची एक यादी असते, ती उघडली तर ओळीने पिवळी उद्गारचिन्हे. आणि घड्याळ! भिंतीवर सकाळचे साडेदहा, विंडोजमध्ये पहाटेचे पाच. आधी वाटले, यंत्रातली बॅटरी गेली. नंतर कळले की मॅक आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतो, आणि विंडोज त्याच घड्याळाकडे पाहून ती स्थानिक वेळ समजतो. दोघांचा वाद साडेपाच तासांचा. ज्याने आयुष्यभर तारखेचा शिक्का सकाळी पहिल्यांदा फिरवला, त्याला ही गोष्ट वायफायपेक्षा जास्त लागली.

सगळे अडले होते ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला एका जुन्या आठवणीने समजले. जत तालुक्यातल्या एका शाखेत मी काही काळ होतो. तिथले बरेच खातेदार कानडी बोलणारे. मला कानडीचे अक्षर येत नव्हते. आमचा शिपाई मध्ये उभा राहायचा. म्हातारा पाच मिनिटे हातवारे करून बोलायचा आणि शिपाई म्हणायचा, "बैल मेलाय, कर्ज पाहिजे म्हणतोय." मी पाच अटी सांगायचो, तो दोन शब्द बोलायचा, म्हातारा मान हलवायचा. शिपाई रजेवर गेला की शाखा उघडी, तिजोरीत रोकड, साहेब खुर्चीत, खातेदार समोर, आणि व्यवहार शून्य. कुणीही आजारी नाही, काही मोडलेले नाही, फक्त दुभाषी नाही. ध्वनीचे यंत्र धडधाकट होते, वायफायचे यंत्र धडधाकट होते. विंडोजला त्यांची बोली समजत नव्हती, इतकेच. मी नको म्हटलेल्या त्या मधल्या चौकटीत हे सगळे दुभाषी बसलेले होते.

ते आणायचे तर इंटरनेट हवे. इंटरनेटला वायफाय हवे, आणि वायफायचा दुभाषी इंटरनेटवर. तारेने जोडावे, तर या बारीक अंगाच्या यंत्राला तारेचे भोकच नाही. परत मॅकच्या खोलीत गेलो, साहाय्यक सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि कादंबरीच्याच पेन ड्राइव्हवर ठेवले. हा पेन ड्राइव्ह शेजारच्या मुलाने फायली भरण्याआधी माझ्याच मॅकवर, मॅकच्या पद्धतीने तयार केला होता. ते तेव्हा मला कळण्याचे कारण नव्हते.

विंडोजमध्ये तो खोचला. पडद्यावर एक नम्र चौकोन आला. ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, करू का? खाली दोन बटणे. रात्रीचे पावणेबारा झाले होते, आणि एव्हाना कोणत्याही प्रश्नाला हो म्हणायची मला सवय लागली होती. माऊसवरचे बोट दाबायच्या बेतात होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, उद्या करा म्हटलं ना ते!" मी त्रासून मान वळवली. परत पडद्याकडे पाहिले तेव्हा तो प्रश्न पहिल्यांदा वाचला. विंडोजला मॅकची मांडणी वाचता येत नाही. न वाचता येणाऱ्या कागदाला ते कोरा समजते, आणि पुसून लिहायला घेऊ का म्हणून विचारते. ते बटण दाबले असते तर दोन प्रकरणेच काय, सबंध कादंबरी गेली असती. मी पेन ड्राइव्ह काढला, देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आणि झोपलो. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिले काम केले ते प्रती काढण्याचे. एक मॅकवर, एक मुलीकडे, एक नव्या पेन ड्राइव्हवर. हा नवा दोघांनाही वाचता येईल अशा पद्धतीने तयार करून घेतला. मग त्यावरून साहाय्यक सॉफ्टवेअर चालवले. दहा-पंधरा मिनिटे पडदा मिचमिचत राहिला, यंत्र एकदा बंद होऊन चालू झाले, आणि एकेक पिवळे उद्गारचिन्ह विझत गेले. वायफाय आले, आवाज आला, घड्याळ ताळ्यावर आले. मी हिला हाक मारून ते घड्याळ दाखवले. ती म्हणाली, "भिंतीवर आहे की."

आता जुना मराठी प्रोग्रॅम. त्याला एक डोंगल होते, म्हणजे यूएसबीच्या भोकात खोचायचे कुलूप. ते मी बँकेच्या लॉकरमध्ये, हिच्या पाटल्यांशेजारी ठेवले होते, यावरून माझी निष्ठा ध्यानात यावी. प्रोग्रॅम बसला. डोंगल खोचले. विंडोज म्हणाले, हे काय आहे ते मला कळत नाही. डोंगलचा दुभाषी सीडीत होता, पण तो पडला जुन्या ३२ बिटच्या जमान्यातला, आणि माझे विंडोज ६४ बिटचे. साधे ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालतात. ड्रायव्हर मात्र चालत नाहीत, कारण ते यंत्रणेच्या थेट गाभ्यात काम करतात. शिवाय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ६४ बिटच्या विंडोजला अशा ड्रायव्हरवर मान्य अशी डिजिटल सही लागते. हा नियम मला जाचला, पण गैर वाटला नाही. मीही एका म्हाताऱ्या शिक्षकांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत केला होता. ते मला शिकवायला होते. "अरे, मीच आहे ना समोर," ते म्हणाले होते. मी नमुन्याच्या सहीचे कार्ड दाखवले. त्यांचा हात तोवर कापायला लागला होता.

नव्या दुभाष्यासाठी मी प्रोग्रॅम विकणाऱ्यांना गाठायचा प्रयत्न केला. नाव सांगत नाही. तो फोन नंबर आता दुसऱ्याच कुणाचा होता, आणि तो गृहस्थ बिचारा मराठी साहित्याविषयी आपुलकीने बोलला.

पंधरा दिवस असे गेले. शेवटी काहीच सुचेना तेव्हा पुण्याला गेलो आणि नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात शिरलो. पन्नाशीच्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. मी बूट कॅम्पपासून सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवले. "सर, वाचायला डोंगल कशाला लागतंय? डोंगल टाइप करायला. वाचायला फक्त फॉन्ट लागतो. तुमच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच असेल." त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर उघडला, फॉन्टवर दोनदा टिचकी मारली, माझी फाइल उघडली. पानावर मराठी होते. माझे वाक्य, माझा नायक, त्याची पावसात भिजलेली सायकल.

त्या काळच्या मराठी प्रोग्रॅमांची गंमत अशी, की ते मराठी साठवतच नसत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर ते देवनागरीची चित्रे बसवत. कोणत्या जागेवर कोणते चित्र, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ मध्येच मिळाली होती, आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्टही येत होता. पण मी आणि माझ्यासारखे पुष्कळजण आपापल्या कंपनीच्या चित्रांत रमलो होतो. फॉन्ट म्हणजे नुसती चित्रांची पेटी, त्याला ना दुभाषी लागत ना सही. मॅकवरही तो त्याच रात्री बसला, दोन टिचक्यांत. विंडोजची गरजच नव्हती. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि वळसा मी दोन यंत्रणांना घातला होता.

बाईंनी फायली युनिकोडमध्ये बदलूनही दिल्या. पैसे किरकोळ घेतले. बदलताना काही वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि रफार एक घर मागे सरकायचे राहिले. 'कर्ज' या शब्दाचे सगळीकडे 'कजर्' झाले. बँकेवरच्या कादंबरीत हा शब्द किती वेळा येतो, ते मोजत मी आठवडाभर बसलो होतो.

त्या निमित्ताने दोन्ही प्रकरणे शब्दन् शब्द वाचली. पहिले वाचताना तिसऱ्या पानावर जांभई आली. संपादक म्हणाले होते ते खरे होते, पासबुकच ते. दुसऱ्यात मात्र एक म्हातारा रोखपाल आहे. निवृत्तीच्या दिवशी तो फाटक्या नोटांची चळत एकदा मोजतो, मग विनाकारण पुन्हा मोजतो. ते मी लिहिले होते, हे मी विसरूनच गेलो होतो.

प्रकाशकांना एकच प्रकरण पाठवले. चिरंजीवांचा लगेच फोन आला. "आणि दुसरे?"

"ती फाइल उघडलीच नाही हो," मी म्हणालो. "ड्रायव्हर मिळाला नाही."